मुद्देमालातला चष्मा

शनिवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे. तक्रारी अर्जाच्या चौकशीत घेतलेला जबाब.

माझे नाव विठाबाई. नवऱ्याचे नाव मी घेत नाही, ते सोबत आलेल्या नातीने सांगितले, गोमा. आडनाव दरवडा. वय नक्की माहीत नाही. आधार कार्डावर ६९ आहे, ते कार्ड काढणाऱ्याने माझ्या तोंडाकडे बघून ठरवले. धंदा पूर्वी भातशेती व रानातली लाकडे, सध्या नातीवर लक्ष ठेवणे. हा धंदा होत नाही असे लिहून घेणाऱ्या हवालदार यशोधराबाईंचे म्हणणे पडले. पण त्यात माझा सगळा दिवस जातो, म्हणून मी लिहायला लावले. राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम. मूळ वाडी वांगणीच्या वर डोंगरात. शिक्षण नाही. मी बाईंच्या समोर बाकड्यावर बसून, कुणी धाक न घालता, चहा पिऊन झाल्यावर सांगते ते असे.

घरात मी, मुलगा किसन, सून श्रद्धा व नात राही असे चौघे राहतो. किसन अंबरनाथला एमआयडीसीत कारखान्यात आहे. राही पंधरा वर्षांची, दहावीला आहे. दीड वर्षापासून ती बदलापूर पूर्वेला एका हॉलमध्ये छऱ्याची बंदूक शिकते. तिला एअर रायफल म्हणतात. गोळी शिशाची, मसुराच्या दाण्यापेक्षा किंचित मोठी. दहा मीटरवर कागद लावतात व त्याच्या मधोमध मारायचे असते. शिकवणारे संतोष सर आहेत. राहीचा नेम चांगला आहे. सरांची एकच तक्रार असते, की नेम धरताना ती डावा डोळा मिटते. दोन्ही डोळे उघडे ठेव, असे ते रोज सांगतात, ती रोज मिटते. ही सवय तिला कुठून लागली ते सरांना माहीत नाही.

बंदुकीला घरात मी एकटी विरोधात होते. का, असे किसनने विचारले तेव्हा मी डोळ्यांचे काम आहे एवढेच सांगितले. त्याने ते हसण्यावारी नेले.

सुमारे तीन आठवड्यांपूर्वी रविवारी राहीच्या डोक्याला तेल लावताना मला तिच्या उजव्या भुवईच्या वर केसांखाली लाल डाग दिसला. मसुराएवढा. मी विचारले, "ह्या काय गं?" ती म्हणाली, "मच्छर चावला." मी म्हटले, "एवढा नेमबाज मच्छर? त्याला पण संतोष सरच शिकवतात का?" मग तिने खरे सांगितले. शेजारच्या मुलीची गोळी कागद सोडून लोखंडी चौकटीला लागली व उलटी आली. डोळा आणि डाग यांच्यामध्ये माझी दोन बोटे बसली. मी मोजून पाहिले. तेल लावायचे राहिले, ते त्या दिवशी मग लावले नाही.

त्यानंतर सरांनी नियम केला, की डोळ्यांना संरक्षणाचा चष्मा असल्याशिवाय कुणालाही बंदुकीला हात लावू देणार नाही. उद्या रविवारी सकाळी ९ वाजता राहीची जिल्ह्याची स्पर्धा आहे, तिथेही सर दारात उभे राहून चष्मा बघणार आहेत. घरात मी सांगितले, बंदूक चालू राहू दे, पण चष्मा मी निवडणार. राही म्हणाली, "आजी, तुला त्यातलं काय कळतं? तुला बसची पाटी वाचता येत नाही." मी म्हटले, "तरी रोज आपल्याच घरी येते ना? शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसले का कधी?"

चष्मा कसा असावा ते विचारायला मी सरांकडे गेले. त्यांनी सांगितले ते असे. काच साधी चालत नाही, मार बसला तरी फुटणार नाही व जागेवरून सुटणार नाही अशी लागते. बाजूनेही झाकलेले लागते, कारण उलटी गोळी समोरूनच येईल असे नाही. बंदुकीला गाल टेकला तरी चष्मा नाकावर सरकायला नको. हॉलमध्ये ट्यूबलाइट असतात म्हणून काच पांढरी, रंगीत नको. श्वासाने वाफ धरायला नको. आणि मजबुतीची खूण काडीवर कोरलेली असते, वरून चिकटवलेली नाही. एकदा मार बसलेला चष्मा वरून चांगला दिसला तरी पुन्हा वापरायचा नाही. मी विचारले, "तुमचा कुठे हाय?" सरांनी खिशातून काढून घातला. मी हॉलमधून बाहेर पडेपर्यंत त्यांनी तो उतरवला नाही.

काल शुक्रवारी सकाळी मी मांजर्लीला नदीकाठी जाऊन सात खडे वेचले. दुपारी ३ च्या सुमारास मी व राही उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात पोचलो. माझ्या पिशवीत छत्री, पाण्याची बाटली, खडे व गलोल होती. बाजारात एक पपई घेतली. गलोल कशाला आणली असे बाईंनी विचारले. चष्मा उलट्या गोळीसाठी घ्यायचा होता, मग त्याची परीक्षा आरशात बघून कशी होणार? गलोल कुड्याच्या झाडाच्या दुबेळक्याची, म्हणजे दोन फाटे असलेल्या फांदीची आहे, रबर सायकलच्या ट्यूबचे. रबर बऱ्याच वेळा बदलले, लाकूड तेच आहे. पाखरे राखायची आहे. ती कोणी केली ते पुढे येईल.

चष्म्याचे दुकान लछू शेठ यांचे आहे. ते सिंधी आहेत, वय माझ्या किसनएवढे, बोलायला गोड. राहीने गेल्या गेल्या जांभळ्या चकाकत्या काचेचा गॉगल उचलला व घातला. मी म्हटले, "ह्यात तू दिसतच नाय, मीच दिसते. मना माझं तोंड बघायला एवढ्या लांब यायची काय गरज?" ती म्हणाली, "आजी, सगळ्या मुली असलाच घालतात." शेठ म्हणाले, "अम्मा, अनब्रेकेबल है. हथौड़ा मारो, टूटेगा नहीं. गारंटी." मी म्हटले, "हातोडा नाय आणला. ह्या चालेल का?" आणि गलोल काढली. शेठ हसले व म्हणाले, "चलेगा, चलेगा." हे राहीने ऐकले, तिथे चष्मा दुरुस्तीला आलेल्या किर्ती नावाच्या बाईंनी ऐकले. दोन वेळा चलेगा म्हणाले. हे नीट लिहावे.

मी शेठना म्हटले, गारंटी तुमची आहे तर चष्मा तुम्हीच घाला व भिंतीला उभे राहा. आधी ते हसले. मग माझ्याकडे बघून त्यांचे हसणे बंद झाले. म्हणून पपई घेतली होती.

दुकानाच्या मागे बोळ आहे. तिथे रिकाम्या खोक्यावर पपई ठेवली. पपईला कान नाहीत, म्हणून गॉगल सुतळीने बांधला. मी दहा पावलांवर उभी राहिले. पहिला जांभळा. त्याचे दोन तुकडे झाले व खडा पपईत अर्धा रुतला. राहीने तो पाहिला व नंतर जांभळ्याचे नाव काढले नाही. दुसरा तपकिरी होता. त्याची काच फुटली नाही हे शेठचे म्हणणे बरोबर आहे. ती चौकटीतून सुटून आख्खी पपईत शिरली. फुटायला ती जागेवर राहिलीच नाही. तिसरा काळा, त्याला उभी भेग गेली व एक काडी गटारात पडली. तोपर्यंत बोळात दहा-बारा माणसे जमली होती. "मावशी, अजून एक," असे ओरडत होती. मला त्याची गंमत वाटली हे मी कबूल करते. किती वर्षांनी कोणी माझा नेम बघत होते.

चौथ्या वेळी माझा नेम चुकला. खडा खिडकीच्या लोखंडी गजाला लागून उलटा आला, माझ्या कानाजवळून गेला व मागे दुकानात भिंतीवरचा आरसा फुटला. वेळ ४ वाजून ५० मिनिटे असावी. आरसा मी फोडला. तो भरून देणार आहे, त्यात वाद नाही.

त्या वेळी राही माझ्या मागे उभी होती. तिच्या डोळ्यांवर काही नव्हते.

त्यानंतर मी खोक्यावर बसले. किती वेळ ते सांगता येत नाही, राही दहा मिनिटे म्हणते. तिने पाणी दिले ते सांडले. गर्दीतली माणसे निघून गेली. आरशाचे नाव न काढता लछू शेठने स्टूल आणून दिले व म्हणाले, "अम्मा, बच्ची ठीक है, देखो, खड़ी है." मी तिला जवळ बोलावून दोन्ही डोळे हाताने चाचपले. ती म्हणाली, "आजी, काजळ पुसलं जाईल." मी म्हटले, "पुसू दे."

मग शेठनी विचारले, की हे नेमके कशासाठी चालले आहे. राहीने बंदुकीचे सांगितले. ते म्हणाले, "पहले बोलना था ना." काउंटरच्या खालून त्यांनी खोका काढला. अंबरनाथच्या कारखान्यांत ग्राइंडिंगवाले वापरतात ते चष्मे त्यात होते. पांढरे, बाजूने झाकलेले, दिसायला काहीच नाही असे. राहीचा चेहरा पडला. मी काडी हातात घेतली व अंगठा फिरवला. मला अक्षर वाचता येत नाही, पण कोरलेले आणि चिकटवलेले हा फरक बोटाला कळतो. आधीच्या तिन्ही गॉगलची गारंटी नखाने निघत होती. ही निघाली नाही.

राहीने चष्मा घातला. मी छत्री दिली. तिने छत्री बंदुकीसारखी खांद्याला लावली, दांड्यावर गाल टेकला व रस्त्यापलीकडच्या वडापावच्या पाटीवर नेम धरला. चष्मा सरकला नाही. पापण्या काचेला लागत नव्हत्या. तोंडासमोर हात धरून फुंकर मारायला लावली, वाफ धरली नाही. मान जोरात हलवायला लावली, पडला नाही. ती म्हणाली, "आजी, मी ह्यात वेल्डर दिसते." मी म्हटले, "दोन डोळ्यांची वेल्डर दिसतेस. चांगली दिसतेस."

खोक्यातला तसाच एक चष्मा पपईला बांधला. पण आधी आम्ही तिघांनी घातले, राहीने, मी व शेठनी. राहीला दुकानात आत उभे केले. उरलेले तीन खडे मी त्याच चष्म्यावर मारले. तिन्ही लागले. काचेवर सुईने ओढल्यासारखे ओरखडे आले, पपईला काही झाले नाही. शेठनी टाळी वाजवली. मार खाल्लेला चष्मा बाजूला ठेवला, राहीने घातलेला होता तो उतरवून डबीत घातला. त्याची पावती राहीजवळ आहे.

तेवढ्यात शेठचे थोरले भाऊ आले. त्यांनी आरसा पाहिला, फुटलेले तीन गॉगल पाहिले व माझ्या हातातली गलोल पाहिली. लछू शेठ "मैंने ही बोला था" असे सांगत होते, पण थोरल्यापुढे त्यांचा आवाज निघत नव्हता. दोन पोलीस आले. काउंटरवर जे जे होते ते सगळे त्यांनी एका पाकिटात भरले, गलोल, मी वेचून ठेवलेले सात खडे, फुटके गॉगल, मार खाल्लेला चष्मा व डबीतला नवा चष्माही. पाकिटाला लाख लावली. पपई घेतली नाही. ती माझ्या पिशवीत आहे व फार टिकणार नाही. बाईंनी घरी नेली तर माझी हरकत नाही, वरचा भाग तेवढा कापून टाकावा.

माझे म्हणणे एवढेच आहे, की डबीतला चष्मा गुन्ह्यात नाही. त्याने काही फोडले नाही, त्याला कोणी काही मारले नाही. तो आज मिळाला नाही तर राही उद्या दारातून परत येईल. दीड वर्ष ती पहाटे उठून जाते. स्पर्धेत काय होईल ते होवो, पण दारातून परत आलेली मला बघायची नाही. बाकीचे सगळे हवे तितके दिवस ठेवावे.

यशोधराबाईंनी विचारले, की एक खडा मारून कळले असते, चष्मा चांगला निघाल्यावर तिन्ही खडे त्यावर मारायची काय गरज होती? याचे उत्तर देण्याआधी मी राहीला बाहेर जायला सांगितले. ती गेली नाही. बाकड्याला धरून बसली. म्हणून तिच्यासमोर सांगते.

किसन जन्माला यायच्या आधीची गोष्ट आहे. लग्नाला तिसरा पावसाळा होता. भात दाण्यावर आले होते व मी शेतातल्या माळ्यावर पाखरे राखायला बसायचे. गलोल माझ्या मालकांनीच मला करून दिली होती. गोळ्या मातीच्या, तेच वळायचे व चुलीत भाजायचे. त्यांनी सांगून ठेवले होते, की माती संपली तर घरी ये, पण खडा लावू नको. माती लागली की फुटते, खडा परत येतो.

त्या दिवशी गोळ्या संपल्या. ते भाकर घेऊन आले होते. सागावर पोपट बसले होते. मी त्यांना म्हटले, "तुम्ही बघाच आता." ओढ्यातला खडा लावला. पोपट उडाले. खडा सागाच्या बुंध्याला लागला व परत आला. मी खाली वाकले. ते माझ्या मागे उभे होते. डावा डोळा.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितले, की जाळीतून येताना करवंदीचा काटा गेला. त्यांच्या आईला तेच सांगितले. कल्याणला डॉक्टरना तेच सांगितले. पुढे किसनला तेच सांगितले. मला त्यांनी एकदाही काही म्हटले नाही. मी गलोल चुलीत घालायला निघाले तेव्हा हातातून काढून घेतली व म्हणाले, "पाखरं काय माझ्या डोळ्याची सुट्टी पाळतील का? उद्या राखायला जायचं हाय." त्यानंतर दरवर्षी ते गोळ्या दुप्पट भाजत. पुन्हा कधी संपू दिल्या नाहीत.

त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. राही तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने त्यांना एकदा विचारले होते, की आजोबा, तुमचा एक डोळा मिटलेला का असतो? ते म्हणाले, "मी कायम नेम धरून असतो." ती त्यांच्यासमोर बसून तसाच डोळा मिटायची. दोघे एकमेकांवर नेम धरून बसायचे. सरांना सवयीचे कारण हवे असेल तर हे आहे.

हे मी आज पहिल्यांदा सांगत आहे. तेव्हा कोणी विचारले नव्हते. म्हणून तीन खडे मारले. सात असते तर सात मारले असते.

यानंतर थोडा वेळ लिहिणे थांबले. यशोधराबाईंचे पेन चालत नव्हते असे त्यांनी सांगितले. दुपारी १२ वाजून १५ मिनिटांनी लछू शेठ एकटे ठाण्यात आले. दोन वेळा चलेगा म्हटल्याचे त्यांनी कबूल केले व भावाने केलेला अर्ज पुढे चालवायचा नाही असे लिहून दिले. आरसा राहू द्या म्हणाले, मी राहू देणार नाही. ठाण्याच्या साहेबांनी पाकीट उघडून डबीतला चष्मा राहीच्या ताब्यात दिला. गलोलीचे काय करायचे विचारले. ती मला परत हवी, पण घाई नाही, भात दाण्यावर येईपर्यंत दिली तरी चालेल. पावतीवर लिहायला गलोल कोणाच्या मालकीची असे विचारले. गोमाची. हे नाव मी स्वतः सांगितले, राहीने नाही.

मला वाचता येत नसल्याने हा कागद राहीनेच मला वाचून दाखवावा, असे मी सांगितले. तिने डबीतला चष्मा घालून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सागाच्या बुंध्यापाशी ती थांबली. मग माझा हात धरून पुढचे वाचले. वाचताना चष्म्याला आतून वाफ धरली. काल दुकानात फुंकर मारून पाहिली तेव्हा धरली नव्हती, म्हणून तो दोष चष्म्याचा धरू नये. बाकी सगळे मी बोलले तसेच उतरले आहे. कमी काही नाही, जास्त काही नाही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, विठाबाई गोमा दरवडा.
अंगठा माझ्यासमोर उठवला : यशोधरा, महिला पोलीस हवालदार.
वाचून दाखवणार : राही किसन दरवडा, नात.